फुटाण्याला उष्टं घातलं नाही

रेवा, निखिल,

आजीला तरुणपणी न्यूमोनिया झाला होता, असं तुम्हाला घरात सांगितलं गेलं आहे. मला न्यूमोनिया कधी झाला नाही. मला क्षय झाला होता. टीबी. तो पूर्ण बरा झाला, तरी इतक्या वर्षांत या घरातल्या एकानंही तो शब्द माझ्यासमोर उच्चारला नाही. मागच्या आठवड्यात रेवा फोनवर म्हणाली की तिथल्या डॉक्टरांनी घरातल्या जुन्या आजारांबद्दल विचारलं आणि तिनं न्यूमोनिया सांगून टाकला. फोन ठेवला आणि मी थेट टेबलाशी येऊन बसले.

रागात असताना लिहू नये, असं मी वर्गात मुलांना सांगत असे. आज मी रागातच लिहिणार आहे. यात एक लहान कुत्रं आहे आणि तुमची आई आहे, तेव्हा चार वर्षांची. ती माझ्याजवळ परत यावी, एवढंच त्या काळात मला हवं होतं. बाकीचं सगळं त्याच्याभोवती घडलं.

डॉक्टर माझ्या डोक्यावरून बोलले

बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस होते. आम्ही तेरला राहत होतो. तेरणा कोरडी पडली होती, बायका पात्रात झिरे खणून वाटीवाटीनं घागर भरत. आमची जनावरं छावणीत गेली होती. तुमचे आजोबा गावच्या दूध सोसायटीचे सचिव. गावातलं दूध आटलं होतं, सोसायटीच्या बैठका मात्र आटल्या नव्हत्या.

मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत असे. लग्नाआधी हैदराबादला मावशीकडे राहून मी इंग्रजीतून शिकले होते. गावाला त्याचं कौतुक होतं. घरातल्यांना ते जरा अवघड जाई.

खोकला सगळ्यांनाच होता. एवढी धूळ उडत होती की माझा खोकला वेगळा आहे हे कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. माझ्याही आलं नाही. मग एक दिवस फळ्याकडे तोंड करून खोकले आणि रुमालावर रक्त दिसलं. रुमाल मुठीत धरून मी धडा पूर्ण केला. घरी जाऊन आजोबांना तो दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं उस्मानाबादला गेलो. आता धाराशिव म्हणायचं.

छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि आजोबांशी इंग्रजीत बोलायला लागले. फुप्फुसाचा क्षय आहे, बराच पसरला आहे, पत्नीला सांगू नका, बायका हाय खातात आणि मग औषध घेत नाहीत. मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते. दुखतं कुठं, असं एकदाही त्यांनी मला विचारलं नव्हतं.

मी इंग्रजीतच म्हणाले, "डॉक्टर, कोणतं फुप्फुस, आणि औषध किती काळ घ्यायचं?"

डॉक्टर लाल झाले. पण त्याहून जास्त ओशाळले ते तुमचे आजोबा, आणि माझ्यामुळे. बायकोनं डॉक्टरांना उलट विचारलं म्हणून. मुलांनो, लांबचं आजारपण वाट्याला आलं तर आधी एवढं करा: डॉक्टर तुमच्याशीच बोलतील असं बघा. तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाशी नव्हे.

थुंकी स्वच्छ होईपर्यंत मुलीला जवळ येऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते बरोबरच होतं. मीही तेच ठरवलं असतं. पण मला ठरवू दिलं नाही. मला त्याच दिवशी भरती केलं, आणि दुसऱ्या दिवशी नीलूला, तुमच्या आईला, लोहाऱ्याला माझ्या थोरल्या भावाकडे, आप्पाकडे पोचवलं. जाताना तिला दवाखान्याच्या फाटकाबाहेरून हात हलवायला आणता आलं असतं. एसटी त्याच रस्त्यानं जाते.

वॉर्ड

दवाखान्याबद्दल फार लिहीत नाही. सकाळी सुई, मग गोळ्या, मग ताप बघणं, मग छताकडे बघणं. सुयांमुळे कानात रातकिडे ओरडल्यासारखं होई. पाणी टँकरचं, ते आलं तर आंघोळ.

शेजारच्या खाटेवर ईट गावच्या काशीबाई होत्या. मी शिकलेली आहे हे कळल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, तुमी इंग्रजीतनं खोकता का वो? आवाज लई साफ येतोय."

हसल्यामुळे मला एवढा खोकला आला की सिस्टर धावत आल्या. काशीबाईंच्या घरून आधी आठवड्याला कुणी येई, मग येईनासं झालं. त्या त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. फक्त भेटायच्या वेळी दाराकडे पाठ करून झोपत. मला घरी सोडलं त्या दिवशी त्या म्हणाल्या, "बाई, घरी गेल्यावर लोक ताट येगळं करतील. करू द्या. पर त्या ताटातलं समदं खावा. ताटात ठिवलं की आजार बसतोय तिथं खायाला."

टोपलीतलं पिल्लू

ताट वेगळं केलंच होतं. खोलीही वेगळी होती, गोठ्याला लागून. जनावरं नसल्यामुळे गोठा रिकामा, त्यामुळे हवा बरी होती. गावातल्या दवाखान्यातल्या सिस्टर येऊन सुई देत. माझं वजन शाळेतल्या मुलीएवढं झालं होतं. घास गिळायचा म्हणजे डोंगर.

घरी आल्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणे, टोपली घेऊन दारात आल्या. टोपलीत पिल्लू होतं. तांबूस रंगाचं, एक कान उभा, एक पडलेला. टोपली खाली ठेवताच ते बाहेर पडलं, खाटेखालून धावलं, गोठ्यात गेलं, परत आलं आणि माझ्या चपलेला भिडलं.

"हे आता हितंच ऱ्हाईल," आत्याबाई म्हणाल्या. "तुझं जेवण झालं की ताटातलं उष्टं तोंडावरनं उतरायचं आन् ह्याला घालायचं. रोज. चुकवायचं न्हाय."

"कशासाठी?"

"तुझं दुखणं ह्याच्यात उतरंल. ते बसंल, तू उठशील."

त्या अगदी शांतपणे बोलत होत्या, लोणच्याला मीठ किती घालायचं ते सांगावं तसं. त्यांची थोरली जाऊ क्षयानं गेली होती. तिच्यासाठी कुणी कुत्रं आणलं नाही, म्हणून ती गेली, असं त्या मानत. म्हणजे मी जगावं असंच त्यांना वाटत होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळलं म्हणून राग गेला नाही, आजही गेलेला नाही.

"आणि नीलू?" मी विचारलं.

"हे बसलं की आणू तिला. कुत्रं मेलं म्हंजी घर मोकळं झालं."

आजोबा मागे उभे होते. मी त्यांना म्हणाले, "डॉक्टरांनी थुंकी स्वच्छ झाली की आणा म्हणून सांगितलंय."

"हो, ते आहेच," ते म्हणाले. "पण आईच्या समाधानासाठी हेही करू. तुझं काय जातंय?"

माझं काय जातंय. इंटर सायन्स झालेला माणूस.

पुढच्या वेळी सिस्टर आल्या तेव्हा मी विचारलं, माणसाचा क्षय कुत्र्याला होतो का. त्यांनी डॉक्टरांना विचारून सांगितलं: होऊ शकतो, उष्टं घालू नका, तोंड चाटू देऊ नका. त्या दिवशी माझा राग दुप्पट झाला. आत्याबाई अर्ध्या बरोबर होत्या. दुखणं कुत्र्यात उतरू शकत होतं. फक्त त्यानं माझ्यातून ते गेलं नसतं. नुसतं त्यावर विसंबले असते तर आम्ही दोघं मेलो असतो.

नाव

आत्याबाईंनी बजावलं होतं, "नाव ठिवू नको. नाव ठिवलं की माया लागती."

मी त्याच संध्याकाळी नाव ठेवलं. फुटाणा. तापल्या वाळूत पडल्यासारखा तो जागच्या जागी उडत असे. माया वगैरे नव्हती, मी सांगते. मला विश्रांती सांगितली होती आणि हे पोर मला क्षणभर पडू देत नव्हतं. त्यानं एक चप्पल संपवली. वाळत घातलेलं लुगडं ओढून गोठ्यात नेलं. उशीतला कापूस काढला. खाटेचा पाय कुरतडला. गोळ्यांची पुडी तोंडात धरून पळाला, तेव्हा ज्या बाईला मोरीपर्यंत चालवत नव्हतं ती गोठ्याला दोन फेऱ्या मारून आली आणि पुडी हिसकावून घेतली. मग अर्धा तास भिंतीला टेकून धापा टाकत बसली, आणि हा समोर बसून पुन्हा पळायची वाट बघत होता.

तेव्हा मी वेळा ठरवल्या. शाळेत तासांचं वेळापत्रक मीच लावत असे. कुत्र्याचं लावणं अवघड नव्हतं. सकाळी उन्हाच्या आधी गोठ्यात दोरीनं फिरवायचं. चिंधीची गाठ ओढायला द्यायची, दमेपर्यंत. मग पाणी. पाणी त्याचं वेगळं, नारळाच्या करवंटीत. माझ्या चुळीचं पाणी बाहेर खड्ड्यात, वर राख. मी औषध घेताना त्यानं खाली बसायचं. हे त्याला शिकवायला फार वेळ लागला, कारण खाली बसणं म्हणजे शिक्षा असं त्याचं मत होतं.

राहिलं जेवण. आत्याबाई दारात उभ्या राहून बघत. उष्टं त्याच्या पोटात जाताना त्यांना दिसायला हवं होतं. मी काय करी, तर ताट आलं की पहिल्या घासाच्या आधी, त्या पाणी आणायला वळल्या की, भाकरीचा एक चतकोर मोडून उशाशी फडक्याखाली ठेवी. त्या काळात मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची लाल भाकरी, घशात अडकणारी. मग जेवायला बसे. ताटात काही उरलं तर ते आत्याबाई स्वतः उचलून फुटाण्याला घालणार, म्हणून काहीही उरवायचं नव्हतं. शेवटचा घास संपेपर्यंत खायचं. ओकारी आली तरी. डोळ्यांतून पाणी यायचं. मग फडक्याखालचा चतकोर काढून तोंडावरून फिरवल्यासारखं करायचं आणि त्याला टाकायचा.

"आज समदंच खाल्लंस?" त्या विचारत.

"भूक होती, आत्याबाई."

कसली भूक. रागानं खात होते मी. पण वजन वाढलं, सिस्टरांनी काट्यावर दाखवलं. डॉक्टरांनी किती सांगूनही जे जमलं नव्हतं ते एका चप्पलचोरामुळे जमलं.

आप्पाचा तोडगा

पावसाळा आला आणि थोडकाच पडून गेला. फुटाणा वाढला. फार मोठा होणाऱ्यातला तो नव्हताच, पण चकचकीत झाला. उडी मारून खाटेवर, खाटेवरून गव्हाणीत.

आत्याबाई दारातून त्याच्याकडे बघत आणि त्यांचा चेहरा उतरत जाई. "हे तर दिसंदिस फुगायलंय," त्या शेजारणीला म्हणाल्या, मला ऐकू येईल असं. "नाचायलंय बघ कसं. हिचं दुखणं भाईर निघंना गेलंय."

मी बरी होत होते. ताप थांबला होता, रक्त थांबलं होतं, मी उभी राहून केस विंचरत होते. पण घरातलं कुणी माझ्याकडे बघून ते ठरवत नव्हतं. सगळे कुत्र्याकडे बघत होते.

मध्यंतरी आत्याबाई लोहाऱ्याला एका लग्नाला जाऊन आल्या. नीलूला भेटल्या. मला एवढंच सांगितलं, "बरी हाय पोरगी."

मग आप्पा आला. उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसला. शेंगदाण्याचा लाडू आणला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "विमल, नीलू मधूनमधून तुझ्या वहिनीला आई म्हणायला लागलीय. आम्ही सांगतो, मामी म्हण. पण लहान आहे ती."

फुटाणा आप्पाच्या धोतराशी झटत होता.

"एक सांगू का," आप्पा आवाज खाली घेऊन म्हणाला. "मी जाताना ह्याला जीपमधनं नेतो. कुठंतरी लांब सोडतो. तू म्हण, मेलं. तुझ्या सासूचं समाधान होईल, पोरगी घरी येईल. कुणाचं काही बिघडत नाही."

"ह्याचं बिघडतं."

"अगं, कुत्रं आहे ते."

मुलांनो, मी नाही म्हणाले ते दयेपोटी म्हणाले असं समजू नका. दुपारभर मी विचार केला. एवढं एक खोटं बोलले की नीलू उद्या माझ्याजवळ होती. पण मग मी कुत्र्यामुळे जगले असं ठरलं असतं. त्या सुया, त्या गोळ्या, ती ओकारी दाबून खाल्लेली मिलोची भाकरी, सगळं फुकट. आणि पुढच्या खेपेला गावात कुणी खोकलं की दवाखान्याऐवजी टोपलीत पिल्लू येणार, आणि उदाहरण माझं देणार: सचिवांची बायको बघा, शिकलेली, ती सुद्धा कुत्र्यावरच उठली. ते माझ्या नावावर मला नको होतं.

आप्पा एकटाच परत गेला. जाताना म्हणाला, "लहानपणापासून तू अशीच." मी म्हणाले, "नीलूला सांग, मी येते आहे." ते ऐकताना तो माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हता. मला वाटलं, रागावलाय.

थुंकी स्वच्छ

थुंकी एकदा स्वच्छ आली. डॉक्टर म्हणाले, अजून एकदा बघू. पुन्हा स्वच्छ आली. औषध पुढं बरेच महिने चालू ठेवायचं होतं, पण मुलीला जवळ घ्यायला हरकत नाही, असं ते म्हणाले. या वेळी माझ्याशी बोलले, मराठीत, आणि बसा म्हणाले.

मी घरी येऊन ओसरीवर उभी राहून सांगितलं. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"डाक्टरला काय कळतंय? ते बघ की, वासरावाणी उड्या मारायलंय. दुखणं जिथल्या तिथं हाय. मी परटाच्या बाईला दुसरं पिल्लू आणायला सांगितलंय. हे वाईट निघालं. हे उद्या नदीपल्याड सोडून देऊ."

आजोबा पान जुळवत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना फक्त "आई, पुरे" एवढं म्हणायचं होतं.

ते म्हणाले, "आणखी एक महिना थांबू या, विमल. घाई काय आहे?"

मी आत गेले, धुतलेलं लुगडं नेसले, त्याच टोपलीत फुटाण्याला घातलं, वर फडकं बांधलं आणि स्टँडवर गेले. कुणी अडवलं नाही. मला अजून लागण आहे असंच ते समजत होते, त्यामुळे हात लावायला कुणी धजलं नाही. तेवढा एक फायदा त्या समजुतीचा झाला.

उस्मानाबादला गाडी बदलली. लोहाऱ्याच्या गाडीत कंडक्टरनं टोपलीकडे बोट केलं. "काय हाय त्याच्यात?"

"कुत्रं."

"चावतंय का?"

"ते नाही चावत. आज मी चावेन."

त्यानं मुकाट्यानं तिकीट फाडलं.

लोहारा

वहिनी दारातच होती. तिच्यामागे नीलू. उंच झाली होती, केसांना तेल, दोन वेण्या, अंगात मी न शिवलेला फ्रॉक. मी धावून तिला उचलायचं नाही असं गाडीतच ठरवलं होतं. अंगणातल्या कट्ट्यावर बसले, टोपली मांडीवर घेतली आणि हाक मारली.

ती आली नाही. टोपली हलायला लागली होती. फडकं सुटलं, फुटाणा बाहेर पडला आणि दिवसभराची कोंडलेली धाव त्यानं त्या अंगणात काढली. वहिनीचं सूप उलटं केलं, तुळशीला तीन वेढे घातले, नीलूच्या पायाजवळून गेला. नीलू किंचाळून वहिनीच्या पदरात शिरली.

"मामी, ते कुत्रं हेच का?"

वहिनीनं आप्पाला हाक मारली.

"हे मेलं न्हाय?"

"काय म्हणतेस, नीलू?" मी विचारलं.

ती माझ्याकडे न बघता वहिनीलाच सांगत होती. "आजी म्हणली, कुत्रं मेलं की आई बरी होणार. मग घरी न्हेणार. मी रोज देवाला म्हणते, कुत्र्याला मार, कुत्र्याला मार." मग ती रडायला लागली. "हे तर पळतंय. आई आजारीच हाय अजून. आईला जवळ नको येऊ देऊस."

आप्पा ओसरीवर येऊन उभा होता. त्याला हे सगळं ठाऊक होतं. लग्नात आत्याबाईंनी पोरीला मांडीवर घेऊन सांगितलं, तेव्हा तो शेजारीच बसला होता. महिनोन् महिने चार वर्षांची मुलगी हात जोडून कुणाच्यातरी मरणाची प्रार्थना करत होती, आणि घरातली सगळी मोठी माणसं ती ऐकत होती, आणि तिला गोड म्हणत होती. मी रागानं ओरडले नाही, ओरडताना खोकला आला असता. मुलीला वाटलं असतं, आजार आहेच अजून.

त्या दिवशी ती आली नाही. मी तिथंच राहिले. मी ओसरीवर झोपले, ती आत वहिनीजवळ. दुसऱ्या दिवशी सकाळी फुटाण्याला चिंधीची गाठ ओढायला दिली. नीलू खांबामागून बघत होती. मी कट्ट्यावर बसून, तिच्याकडे न बघता, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी काचेवर थुंकी घेतली, भिंगातून बघितली, त्यात आजाराचा किडा नव्हता. दोनदा बघितली. कुत्र्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. कुत्रं जिवंत आहे आणि आई बरी आहे, दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

पुष्कळ वेळानं ती दोन पावलं पुढं आली.

"मग ह्याला मारायचं न्हाय?"

"नाही."

"मी देवाला सांगितलंय पण."

"देवाला पुन्हा सांगू. राहू दे म्हणावं."

तिनं विचार केला. मग हातातल्या भाकरीचा तुकडा लांबूनच टाकला आणि फुटाण्यानं तो उडी मारून हवेतच पकडला, तेव्हा ती हसली. पहिल्यांदा ती त्याच्याकडे बघून हसली, माझ्याकडे बघून नव्हे. तेवढ्यावरही मी खूष होते.

घरी

तेरला उतरलो तेव्हा दुपार कलत होती. नीलूनं माझ्या पदराचं टोक धरलं होतं. बोट अजून धरत नव्हती. फुटाणा दोरीला हिसके देत पुढं.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी मुलीकडे बघितलं, मग दोरीच्या टोकाकडे.

"कुत्रं तर जित्तं हाय अजून," त्या म्हणाल्या.

"मी पण," मी म्हणाले, आणि नीलूला घेऊन गोठ्याकडच्या खोलीत न जाता सरळ स्वयंपाकघरात गेले. मांडणीवरून घरातलं ताट घेतलं. वाढून घेतलं. नीलूसाठी दुसरं वाढलं. आत्याबाई उंबऱ्याशी थांबल्या, आत आल्या नाहीत, पण ताटही काढून घेतलं नाही.

संध्याकाळी तुमचे आजोबा सोसायटीतून आले. आम्हाला बघितलं, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "बरं झालं." पुढं चाळीस वर्षं आम्ही एकत्र संसार केला आणि तो वाईट झाला नाही. पण एवढं सगळं होऊन गेल्यावर त्यांना म्हणायला तेवढंच सुचलं, हे मी त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही, आणि त्यांना ते माहीत होतं.

रेवा, डॉक्टरांना फोन कर. क्षय सांग.

तुमची,
आजी